गोळी रोजची, पैसा हंगामाचा

परभणी जिल्ह्यात पैशाला हंगाम असतो. दसऱ्याच्या मागंपुढं सोयाबीनचं खळं होतं, माल मोंढ्यात जातो आणि दिवाळीला घरात चार पैसे दिसतात. मग कापसाच्या वेचण्या. जानेवारीत तूर, पाठोपाठ हरभरा. पाथरी-मानवतकडं ज्यांच्या रानात जायकवाडीच्या कालव्याचं पाणी पोचतं त्यांचा ऊस. होळीनंतर हात आखडतो. मृग लागला की उरलंसुरलं बी-खतात जातं आणि पोळ्यापर्यंत बहुतेक घरं उधारीवर चालतात. किराणा, कृषी सेवा केंद्र, कापड दुकान, सगळ्यांच्या वह्यांत वायदा एकच असतो: 'सोयाबीन इकल्यावर'. २०२५च्या सप्टेंबरात अतिवृष्टीनं आणि पुरानं मराठवाड्यातल्या कित्येकांचा तो वायदाही वाहून नेला.

शुगर, बीपी, थायरॉईड, फिट, दमा, संधिवात या दुखण्यांना मात्र हंगाम नाही. त्यांची गोळी रोज लागते आणि जन्मभर लागते. महिन्याला हजार-बाराशेचं औषध ही रक्कम पगारदाराला टोचते, पण त्याच्या हिशेबात ती कशीबशी बसते. वर्षातून दोन-तीनदाच पैसा हाती येणाऱ्या घरात तीच रक्कम जुलै महिन्यात सापडत नाही. हिशेब करून पाहा. बाराशे रुपये म्हणजे रोजगार हमीच्या २०२५-२६च्या ३१२ रुपये दरानं जवळपास चार दिवसांची मजुरी. वर्षाचे होतात १४,४००. सोयाबीनचा त्याच वर्षीचा हमीभाव ५,३२८ रुपये धरला तर पावणेतीन क्विंटल सोयाबीन एका माणसाच्या गोळ्यांत जातं. मोंढ्यात हमीभाव मिळत नाही तेव्हा तीन क्विंटलही पुरत नाही. घरात नवरा-बायको दोघंही 'गोळीवर' असले तर एखाद-दुसऱ्या एकराचं पीक औषधासाठीच पेरायचं.

दवाखान्याच्या खर्चाविषयी आपण बोलतो ते बहुतेक मोठ्या आकड्यांत. बायपासचे किती, किडनीचे किती, नांदेडला किती लागले, हैदराबादला किती. असं बिल घराला एकदा हादरवतं आणि गावभर त्याची चर्चा होते. पण दुर्धर नसलेलं आणि बरंही न होणारं दुखणं ज्या घरात आहे, ते घर दर महिन्याच्या लहान बिलानं झिजतं. आणि हेच बिल उचलणारी योजना आज नाही.

कात्रीनं कापलेली पट्टी

तालुक्याच्या गावात बाजाराच्या दिवशी संध्याकाळी मेडिकलसमोर थोडा वेळ उभं राहिलं की हे सगळं समोर दिसतं. डोक्यावरचा पदर सावरत एक बाई येतात. कमरेच्या पिशवीतून रिकामी पट्टी काढून काउंटरवर ठेवतात.

"भाऊ, ह्याच्या पाच द्या."

"मावशी, पंधराची पट्टी आहे. पूर्ण घेऊन जा ना."

"पाचच द्या. बाकीच्या पुढच्या बाजारी."

दुकानदार कात्री घेतो आणि पट्टी कापतो. ज्या टोकाला औषधाची मुदत छापलेली असते तो तुकडा दुकानातच राहतो. मावशींच्या हाती जातात पाच गोळ्या, ना नाव पूर्ण, ना तारीख. चिठ्ठीवर औषधं तीन आहेत: एक शुगरची, एक बीपीची, एक कोलेस्टेरॉलची. त्या फक्त शुगरची नेतात. विचारलं तर सांगतात, "शुगर वाढली की घेरी येती, लघवीला लई जावं लागतं. बीपीचं काही जानवतच नाही, मग कशाला?" त्यांच्या बाजूनं पाहिलं तर हिशेब चुकीचा नाही. हाती शंभर रुपये असतील तर माणूस जे दुखतं त्याचं औषध आधी घेतो. अडचण एवढीच की बीपी दुखत नाही. एखाद्या पहाटे तोंड वाकडं होतं आणि एक हात उचलत नाही, तेव्हाच ते कळतं.

काटकसरीचे हे प्रकार गावोगाव सारखेच आहेत. रोजची गोळी एक दिवसाआड घ्यायची. एकीची दोन करायची. त्यातल्या काही गोळ्या सावकाश विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात आणि त्या मोडल्या की त्यांचा गुण बिघडतो, हे सांगायला कुणी नसतं. शेजारणीला 'तेच दुखणं' म्हणून तिच्या पट्टीतल्या चार उसन्या आणायच्या. तपासणी टाळायची, कारण डॉक्टरकडं गेलं की फी, रक्त-लघवीची तपासणी आणि नवी चिठ्ठी असा खर्च वाढत जातो. म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवरच औषध चालू ठेवायचं. आणि अगदीच भागेना तेव्हा कारल्याचा रस, मेथीचं पाणी, कुणीतरी सांगितलेला काढा.

घरातली औषधं बंद करायचा एक क्रमही ठरलेला आहे. कमावत्या पुरुषाची गोळी शेवटपर्यंत चालू राहते, म्हाताऱ्यांची त्याआधी थांबते आणि सगळ्यात आधी थांबते ती बाईची. ती स्वतःच थांबवते. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार ऑगस्ट २०२४ पासून खात्यावर येऊ लागले, तेव्हा त्या पैशाचं काय केलं असं विचारल्यावर 'मेडिकलची उधारी दिली' हे उत्तर अनेक बायकांकडून येतं. ज्या बाईला नवऱ्याकडं औषधासाठी पैसे मागायची लाज वाटत होती तिच्यासाठी ते दीड हजार हाच तिचा विमा होता.

उन्हाळ्यात इन्सुलिनचा प्रश्न वेगळाच. परभणीचा मे महिना ४२-४३ अंशांचा. उघडलेली कुपी साधारण पंचवीस-तीस अंशांत महिनाभर टिकते, पत्र्याच्या घरात टिकत नाही. फ्रीज असला तरी वीज असेलच असं नाही. जिंतूर तालुक्यातल्या एका घरात यावर काढलेला उपाय पाहिला. मोठ्या मडक्यात लहान मडकं, दोन्हींच्या मधल्या जागेत ओली वाळू, आतल्या मडक्यात झाकणाच्या डबीत कुपी, वर ओलं फडकं. घरातली पोरगी सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी शिंपडते. फ्रीजइतकं थंड होत नाही, पण औषध नासण्यापासून वाचतं. अशा मडक्यांनी तापमान बरंच खाली येतं, हे अभ्यासांतूनही दिसलेलं आहे. ही युक्ती खरं तर उपकेंद्रातून शिकवायला हवी. लोक ती एकमेकांकडून शिकतात.

योजना खाटेची

'विमा नाही' असं आपण म्हणतो तेव्हा कागदोपत्री ते खरं नसतं. १९९७ साली महाराष्ट्रात जीवनदायी योजना आली. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर पोचली आणि २०१७ साली तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. पिवळं आणि केशरी रेशनकार्ड असलेल्यांना कुटुंबामागं वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. शेतकरी आत्महत्यांमुळं वेगळ्या काढलेल्या १४ जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही ते मिळालं. मराठवाड्याचे आठही जिल्हे, म्हणजे परभणीही, त्या यादीत होते. जुलै २०२३च्या शासन निर्णयानं ही मर्यादा पाच लाखांवर नेली, उपचारांची संख्या १,३५६ केली आणि राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना दार उघडलं. ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला आयुष्मान योजनेत वेगळं पाच लाखांचं कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागलं.

या योजनांनी माणसं वाचवली आहेत, यात वाद नाही. ज्याला हृदयाची नळी टाकायला शेत विकावं लागलं असतं, तो आज आरोग्यमित्राकडं रेशनकार्ड-आधार देऊन टेबलावर जातो. पण या सगळ्या योजनांची मूळ अट एक आहे: आधी भरती व्हा. खाट मिळाली की योजना सुरू होते आणि सुट्टी झाल्यावर काही दिवसांत ती मिटते. काही ठरावीक शस्त्रक्रियांनंतरच्या पाठपुराव्याचा खर्च त्यात धरलेला आहे. मात्र ज्याला कधी भरती व्हावंच लागलं नाही, जो फक्त दर महिन्याला औषध घेतो, त्याच्यासाठी पाच लाखांच्या कार्डात पाच रुपयेही नाहीत.

याचा अर्थ एका पायाच्या उदाहरणानं कळतो. पंधरा वर्षं शुगर असलेला शेतकरी. गोळ्या कधी चालू, कधी बंद. पायाला बधिरपणा येतो. रानात अनवाणी चालताना काटा रुततो, कळत नाही. जखम होते, चिघळते. हळद भरून, पट्टी बांधून दोन आठवडे काढले जातात. बोट काळं पडतं. आता मात्र योजनेचं दार उघडतं: भरती, ऑपरेशन, बोट किंवा अर्धा पाय काढणं, सगळं मोफत. काही हजारांची जी गोळी पाय वाचवू शकली असती तिला सरकारकडं लेखाशीर्ष नव्हतं. पाय कापायला आहे. लकवा, हृदयविकाराचा झटका, निकामी किडनी यांचीही गोष्ट अशीच. मधला पंधरा वर्षांचा काळ रुग्णाच्या खिशावर सोडायचा आणि शेवटच्या पंधरा दिवसांचं बिल सरकारनं भरायचं, हा व्यवहार सरकारी तिजोरीलाही परवडणारा नाही.

देशपातळीवरचं चित्र याला जोडून पाहण्यासारखं आहे. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांमध्ये ३५ टक्क्यांहून अधिकांना उच्च रक्तदाब. एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २००४-०५ मध्ये ६९ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९ टक्क्यांवर आला असं सरकारी लेखे सांगतात. उतरलेल्या आकड्याचं समाधान मानावं. पण उरलेल्या खर्चात औषधांचा वाटा मोठा आहे, आणि तो खर्च मेडिकलच्या उधारीच्या वहीत आहे, दवाखान्याच्या बिलात नाही.

मग खासगी विमा का घेत नाहीत? शहरातून आलेला हा प्रश्न गावात हसण्यावारी जातो. पन्नाशीतल्या शुगरवाल्याला पॉलिसी महाग पडते. आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं; पूर्वी हा काळ चार वर्षांचा होता, २०२४ साली नियामकानं तो कमी केला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. तरी हप्ता भरायचा तो बहुधा एकरकमी, आणि बहुतेक पॉलिसींत रोजची गोळी नसतेच. विम्याचं ज्ञान नाही म्हणून लोक मागं आहेत, असंही नाही. पीकविम्याची ७२ तासांत द्यायची सूचना, पंचनामा, मंडळनिहाय पर्जन्यमान हे सगळं इथल्या शेतकऱ्याला तोंडपाठ आहे. २०२३ च्या खरिपापासून दोन वर्षं त्यानं एक रुपयात पीक विम्याखाली ठेवलं. पेरलेल्या रानाला विमा मिळाला. पेरणाऱ्याच्या गोळीला मिळाला नाही.

आठवड्यातून दोनदा परभणी

डायलिसिस हे या सगळ्यातलं थोडं वेगळं प्रकरण. इथं योजना खरंच उपयोगी पडते. जन आरोग्य योजनेत डायलिसिस आहे, २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही आहे. प्रत्येक वेळी मशीनवर चार-चार तास, आठवड्यातून दोनदा, कुणाला तीनदा. मशीनचे पैसे लागत नाहीत.

पैसे लागतात ते मशीनभोवती. रक्त वाढवणारं इंजेक्शन कधी मिळतं, कधी बाहेरून आणावं लागतं. बीपीच्या तीन-चार गोळ्या, कॅल्शियम, हाताची नस तयार करायचं ऑपरेशन. सोबत एक माणूस हवाच, म्हणजे आठवड्यातले दोन-तीन रोज त्याचेही बुडाले. गंगाखेडहून परभणी चाळीसेक किलोमीटर, पालमहून त्याहून लांब. डायलिसिसच्या रुग्णाला एसटीच्या साध्या बसमध्ये प्रवास मोफत आहे. सिकलसेल, हिमोफिलिया आणि एचआयव्हीच्या रुग्णांनाही ती सवलत आहे. पण कागद हवा, तो दर वेळी जवळ हवा आणि कंडक्टरलाही नियम माहीत हवा. मशीनवरून उतरलेला माणूस इतका थकलेला असतो की बसस्थानकावर दोन तास थांबण्यापेक्षा रिक्षा किंवा गावातली जीप परवडली असं घरच्यांना वाटतं. योजनेनं वाचवलेला पैसा असा रस्त्यात सांडतो.

या रुग्णांतल्या अनेकांची किडनी शुगरनं किंवा बीपीनंच खाल्लेली असते. म्हणजे आपण पुन्हा मेडिकलच्या काउंटरवर, पाच गोळ्यांच्या तुकड्याशी येऊन पोचतो.

कोयता आणि खाडा

दिवाळीचे फटाके वाजत असतात तेव्हा गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूरच्या डोंगरपट्ट्यातल्या गावांतून ट्रक-ट्रॅक्टर ऊसतोडीला निघालेले असतात. मुकादमाकडून आगाऊ रकमेची उचल घेतलेली असते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, कारखान्याच्या परिसरात, कोपीत.

जुनं दुखणं असलेल्या मजुराचे हाल इथं दुप्पट होतात. गावातल्या आशाताईला त्याचं नाव माहीत असतं, उपकेंद्रात त्याचा कागद असतो, गावचा मेडिकलवाला त्याला उधार देतो. साताऱ्याच्या किंवा बेळगावच्या फडात यातलं काहीच नाही. दवाखान्यात जायचं तर एक दिवस काम बुडतं, त्याला खाडा म्हणतात, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. डॉक्टरची फी दोनशे असेल तर खाड्यासकट ती सात-आठशेला पडते. फिटच्या रुग्णाची गोळी अशी चार दिवस जरी चुकली तरी झटका येऊ शकतो, तोही हातात कोयता असताना. बरेच जण निघताना उचलीतूनच दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या घेऊन ठेवतात. म्हणजे औषधाचा खर्चही अखेर अंगावरच्या कर्जातच लिहिला जातो आणि पुढच्या वर्षीचा कोयता आधीच गहाण पडतो.

न जाणाऱ्यांचीही कर्जाची वाट ठरलेली आहे. आधी मेडिकल आणि किराण्याची उधारी, मग बचत गट, मग मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता, मग डोरलं गहाण, शेवटी शेकड्यानं व्याज लावणारा गावातला सावकार. शेळ्या मधेच विकल्या जातात. २०१५ सालच्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात शेतकरी आत्महत्यांमागं कर्जबाजारीपणा आणि शेतीच्या अडचणींबरोबर आजारपण हे कारण साधारण दहापैकी एका प्रकरणात नोंदलेलं होतं. नोंदवहीत कारणांचे रकाने वेगळे असतात. घरात आजारपण आणि कर्ज हे बहुधा एकाच खात्यावर असतं.

सरकारी दवाखान्यातली गोळी

आता एक साधा प्रश्न. ही औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत ना? आहेत. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, अॅम्लोडिपीन, टेल्मिसार्टन ही नावं प्राथमिक आरोग्य केंद्राच्या यादीत असतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासणीपर्यंत सगळंच मोफत झालं. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आले, आशा तिशीवरच्या प्रत्येकाचा तपासणी फॉर्म भरतात. २०२३ मध्ये परभणीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. एक बारकावा लक्षात ठेवावा: वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याखाली येतात आणि १५ ऑगस्टचा तो निर्णय त्यांना आपोआप लागू होत नाही.

तरीही लोक मेडिकलवर पैसे का मोजतात? पहिलं कारण म्हणजे गोळी मिळण्याची खात्री नाही. महिन्याची गोळी दहा दिवसांची मिळते, "पुढच्या आठवड्यात या" असं सांगितलं जातं. दहा दिवसांच्या गोळ्यांसाठी रोज बुडवायचा आणि भाडं घालायचं, त्यापेक्षा विकतची स्वस्त पडते. राज्याची औषधखरेदी बरीच वर्षं हाफकिन या सरकारी महामंडळामार्फत होत होती, त्यातल्या दिरंगाईच्या तक्रारींनंतर २०२३ साली वेगळं खरेदी प्राधिकरण उभं राहिलं. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात होते. औषधटंचाईचा आरोप झाला, प्रशासनानं तो नाकारला. खरं-खोटं काहीही असो, परभणीच्या माणसासाठी नांदेड हे मोठ्या दुखण्याचं गाव आहे आणि त्या बातमीनं सरकारी औषधावरचा उरलासुरला विश्वास हलला.

दुसरं कारण गोळी बदलण्याचं. मागच्या महिन्यात पांढरी मिळाली, या महिन्यात गुलाबी. औषध तेच असतं, कंपनी वेगळी. सांगायला वेळ नसतो, आणि 'सरकारी गोळी लागू पडत नाही' हा समज पक्का होतो. तिसरं कारण वेळेचं: बाह्यरुग्ण विभाग सकाळी, रानातलं कामही सकाळीच.

साठ रुपयांची गोळी दहावर

विकतच घ्यायची तर औषधाच्या किमतीत केवढी तफावत आहे, हे रुग्णाला कळायला हवं. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या औषधाचं पेटंट संपलं. त्याआधी मूळ कंपनीची एक गोळी साठ रुपयांच्या घरात होती. पेटंट संपताच अनेक भारतीय कंपन्या उतरल्या आणि तीच गोळी दहा रुपयांच्या आसपास, काहींची त्याहूनही कमी दरात आली. व्हिल्डाग्लिप्टिनचं २०१९ मध्ये आणि सिटाग्लिप्टिनचं २०२२ मध्ये असंच झालं. पण जुनी चिठ्ठी दाखवून जुन्याच नावाची गोळी घेणाऱ्याला याचा पत्ता नसतो.

जनऔषधी केंद्रांत बाजारभावापेक्षा ५० ते ९० टक्के कमी दर असतात असं सरकार सांगतं. ही योजना २००८ची, जोर आला तो २०१५-१६ नंतर. अडचण अशी की डॉक्टरांची चिठ्ठी ब्रँडच्या नावाची असते. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं जेनेरिक नावानं औषध लिहिण्याचा नियम काढला आणि तीन आठवड्यांत तो स्थगित केला. डॉक्टरांचं म्हणणं, गुणवत्तेची हमी कोण देणार? प्रश्न गैर नाही, पण त्याची किंमत रुग्ण भरतो. "डॉक्टर साहेब, यातलं स्वस्तातलं लिहून द्या" एवढं म्हणायची हिंमत झाली तरी अनेकांचं महिन्याचं बिल निम्म्यावर येईल. समजूतदार डॉक्टर आनंदानं बदलून देतात. तालुक्याच्या गावांत असे डॉक्टर आहेत.

ज्या आजारात हे जमलं

'इतक्या लोकांना रोजची गोळी फुकट आणि नियमित देणं शक्यच नाही' असं म्हणणाऱ्यांनी एचआयव्हीचं काम आठवावं. १ एप्रिल २००४ पासून देशात एआरटी औषधं मोफत मिळू लागली. या रुग्णाला दर महिन्याची तारीख असते, स्थिरावलेल्याला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात. तारीख चुकली तर फोन येतो, फोन लागला नाही तर कार्यकर्ता घरी जातो. तपासण्या मोफत, एसटी मोफत. ज्या आजाराचं नाव घ्यायला लोक घाबरत होते त्याच्या रुग्णाला आज शुगरच्या रुग्णापेक्षा खात्रीनं औषध मिळतं. फरक पैशाचा कमी आणि नोंदवहीचा जास्त आहे: तिथं कोणाची गोळी चुकली याची जबाबदारी कुणाच्या तरी नावावर आहे.

बीपीसाठीही हे करून झालेलं आहे, तेही महाराष्ट्रात. २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात सुरुवातीच्या जिल्ह्यांत सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा होते. तिथं फार मोठं यंत्र आणलं नाही. औषधांचा एकच ठरलेला क्रम, महिनाभराच्या गोळ्या एकदम, घराजवळच्या उपकेंद्रातून वाटप आणि न आलेल्यांची यादी. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. तामिळनाडूनं १९९४ साली औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ उभं केलं आणि ऑगस्ट २०२१ पासून बीपी-शुगरची औषधं घरपोच द्यायला सुरुवात केली. राजस्थानात २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना आहे.

याउलट आपल्याकडं सामाजिक मदतीच्या याद्यांतही हे आजार नाहीत. संजय गांधी निराधार योजनेत कर्करोग, क्षय, पक्षाघात, एड्स, कुष्ठरोग यांचा विचार होतो. महिना दीड हजार मिळतात. पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. रोजगार हमीच्या २०२५-२६च्या दरानं ही ६७ दिवसांची मजुरी झाली. ६८ दिवस काम मिळालेलं घर सरकारच्या लेखी निराधार उरत नाही.

गावानं विचारायचे प्रश्न

ज्यांच्या घरी आज असं दुखणं आहे त्यांना धोरण बदलेपर्यंत थांबता येत नाही. म्हणून काही गोष्टी हाताशी ठेवाव्यात. रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळवून घ्यावीत. निम्म्या अडचणी तिथंच असतात. जन आरोग्य योजनेची चौकशी १५५३८८ या क्रमांकावर करता येते. धर्मादाय न्यासाखालच्या मोठ्या रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के सवलतीत ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १.८० लाख आणि ३.६० लाख रुपये. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला दुखणं वाढायच्या आधीच काढून ठेवावा, भरती झाल्यावर त्यासाठी धावाधाव करणं जड जातं. औषधाची पूर्ण पट्टी घ्यावी; तुकडाच घ्यावा लागला तर नाव आणि मुदत वहीत लिहून घ्यावी. आणि गोळ्या परवडत नाहीत हे डॉक्टरला सांगावं. न सांगता बंद केली तर डॉक्टर 'गुण येत नाही' असं समजून आणखी महाग गोळी लिहितो.

बाकीचं काम एकट्याच्या घरचं नाही. प्रत्येक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती आहे आणि टंचाईच्या वेळी स्थानिक पातळीवर औषध घ्यायला थोडा निधीही असतो. ग्रामसभेत रस्ता, नाली, घरकुल यांच्या बरोबरीनं चार प्रश्न विचारता येतील. आपल्या उपकेंद्राच्या यादीत शुगर-बीपीचे रुग्ण किती? त्यातल्या किती जणांना या महिन्यात पूर्ण तीस दिवसांच्या गोळ्या मिळाल्या? ज्यांना मिळाल्या नाहीत त्यांच्यापर्यंत कोण गेलं? ऊसतोडीला निघणाऱ्यांना तीन महिन्यांचं औषध आणि उपचाराचा कागद देऊन पाठवलं का? या चार उत्तरांना नवी योजना लागत नाही, नवी इमारत लागत नाही. लागते ती एक नोंदवही, आणि ती दर महिन्याला चारचौघांत उघडून पाहण्याची सवय. ज्या ग्रामपंचायतीला पीकनुकसानीचे पंचनामे वेळेत करून घेता येतात, तिला हेही जमण्यासारखं आहे.